पुलावर लय नको

१८ ऑगस्ट, सोम

आज पुलाच्या पोटात शिरले. शिडी, हेल्मेट, हातोडी, तासणी. खाली प्लॅ. २ वर गाडीची वाट बघणारी माणसं माना वर करून माझे बूट बघत होती. एकानं विचारलं, "मॅडम, गाडी किती लेट हाय?" शिडीवर चढलेल्या माणसाला सगळं लांबचं दिसतं असं वाटत असणार.

चार्ज घेऊन महिना झाला. स्टेशनात कामं वाटलेली. रूळ एकाचे, सिग्नल दुसऱ्याचे, पाणी तिसऱ्याचं. माझ्याकडं डोक्यावरचं सगळं. पत्रे, खांब, घड्याळाचा दांडा, कबुतरं आणि हा म्हातारा पूल. खाली उभ्या माणसाच्या डोक्यात काही पडू नये, एवढंच काम. विनू म्हणतो, माझी बायको देवाच्या खात्यात लागली. स्वतः कुपवाडला लेथवर काम करतो, त्याच्या डोक्यावर नुसता पंखा.

तासणीनं गंज खरवडला तर खाली पिवळं. आणखी खरवडलं, आणखी पिवळं. जुना रंग समजून वाकून बघत होते, तर शिंदेमामा (मिस्त्री, मूळचे कोरेगावचे, नोकरीभर याच पुलाखाली) शिडी धरून म्हणाले, "रंग न्हाई त्यो मॅडम. भंडारा हाय. तुमच्या आबांचा."

खरंच की. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बिरोबाची पालखी याच पुलावरनं लाइनच्या पलीकडं जाते, मायाक्काला भेटायला. भाऊ बहिणीला भेटायला जातो ती भेट. पुलाच्या मधोमध गजी नाच, भंडाऱ्याची उधळण, पुढं ढोल आबांचा. दरवर्षीचा भंडारा सांध्यासांध्यात बसलाय. लहानपणी मी त्यातच पिवळी होऊन घरी जायची. आज नाकात गेला, सटासट शिंका आल्या, शिडी हलली आणि मामा खालनं देवाचं नाव घ्यायला लागले.

२१ ऑगस्ट

प्लॅ. २ वरच्या दोन आडव्या तुळया टोकाला खाल्ल्यात. चांगल्या लोखंडाला हातोडी मारली की टण्ण म्हणतं. या भद् म्हणाल्या. मामांकडं बघितलं, मामांनी माझ्याकडं. 

दुपारी चार टेकू उभे केले. संध्याकाळपर्यंत एकाला केळीवाल्यानं पिशवी अडकवली, दुसऱ्याला एका आजीनं नातू टेकवून ठेवला, तिसऱ्यावर कुणीतरी खडूनं बदाम काढून अर्ध्यात सोडला. गाडी आली असणार.

नवा पूल शेजारी उभा राहतोय. खांब आलेत, पायऱ्यांच्या नावानं शिमगा. पुढच्या उन्हाळ्यात होईल म्हणतात. तोवर हा माझ्या गळ्यात. खरं सांगायचं तर आवडतो मला. माझं क्वार्टर अलीकडं, आईआबा पलीकडं धनगरवाड्यात. रोज याच्यावरनंच माहेरी जाते.

२५ ऑगस्ट

साहेब आले. नागपूरकडचे. टेकू हलवून बघितले, माझ्या खांद्यावर थाप मारावी तसं टेकूला थापटलं. निर्णय: साधं येणंजाणं चालेल. मध्ये गर्दी करून थांबायचं नाही. आणि एका तालात पावलं टाकत कुणी जायचं नाही, पूल झुलतो.

"सकाळी भरतीची पोरं पळत जाऊन राहिली मॅडम, लेफ्ट राइट लेफ्ट राइट. ते बंद करा. बोर्ड लावा."

बोर्डाचा मजकूर मीच लिहिला: 'पुलावरून लयीत चालू नये.' थोडक्यात आणि शुद्ध. साहेबांना आवडला. इस्लामपूरच्या पेंटरला दिला.

३० ऑगस्ट

गणपतीला सासरी शिरवळला होते. आज आले. स्टेशनात पाय टाकला तर पुलाच्या बरोबर मधोमध तीन आज्या पाय पसरून बसलेल्या. पाठीमागं एक माणूस पिशवी उशाला घेऊन आडवा.

"आज्जी, हितं बसायचं न्हाई. गर्दी करायची न्हाई हितं."

"आगं, तूच लिवलंयस न्हवं? वाईच बसलो, मग ऱ्हायल्यालं चालू."

खाली जाऊन बोर्ड बघितला. मोठ्या लाल अक्षरात: 'पुलावरून लय चालू नये.'

पेंटरला फोन लावला. तो शांत. "मॅडम, लयीत असा शब्दच नसतोय. तुमच्या गडबडीत चुकलं आसंल म्हनून मी सुदरून घेतलं."

फोन ठेवून हसत बसले. रागवायचं होतं, जमलं नाही. दिवसातनं शंभरदा लय म्हणणारी बाई मी, लय ऊन, लय काम, लय झालं. आणि कागद पुढं आला की लगेच शाळेतल्या बाईंसारखं 'लयीत'. पेंटरचं काय चुकलं. एक कॉलेजचा पोरगा येऊन गेला, "मॅडम, किती चाललं की लय हुतं?" त्याला चहा पाजला.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "मॅडम, लोक पुलावर बसून का राहिले?" समजावून सांगितलं. नागपूरच्या माणसाला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर मात्र ते एवढे हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

बोर्ड काढला.

३ सप्टेंबर

आबा क्वार्टरवर आले. चहा बशीत गार होईपर्यंत बोलायचं नाही, ही त्यांची रीत.

"बोरड वाचला तुझा."

"माझा नव्हं आबा, पेंटरचा."

"बरं. दसऱ्याला ढोल कवा चढवायचा?"

सांगितलं. ढोल चढवायचा नाही. यंदा पुलावर नाच नाही.

"वाईच?"

"वाईच बी न्हाई. तुळया गेल्यात आबा. एका ठेक्यात एवढे पाय पडले तर खाली माणसं असत्यात."

बशी तशीच ठेवून उठले. आबांनी चहा न पिता सोडला. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. वाईट वाटलं. लय वाटलं.

५ सप्टेंबर

साहेब आज हसले नाहीत. "भेटीचं मला आताच कळून राहिलं. नाचणार नाहीत याची हमी कोण घेते? तुम्ही घेता? नाही तर दसऱ्याआधी कुलूप लावतो पुलाला. मग नवा होईस्तोवर उघडणार नाही."

बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर आजच लावलं असतं. पण कुलूप म्हणजे सगळ्यांनी रुळांखालच्या लांबच्या बोगद्यातनं जायचं, गुडघाभर पाण्यातनं. शाळेच्या पोरी, बाजारच्या बायका, दवाखान्याची माणसं. आणि देवाची भेट मोडली, ती आबांच्या लेकीनं मोडली.

मुदत मागितली. दिली.

९ सप्टेंबर

बिरोबाच्या देवळात बैठक. मी चपला काढून हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. आबा समोर, माझ्याकडं न बघता.

म्हटलं, यंदा पालखी बोगद्यातनं न्या.  मग एक थोरले आज्जा खाकरून म्हणाले, "देवाच्या डोक्यावरनं रेल्वे जानार? डब्यातलं पानी पडंल की गं देवावर."

 डोक्यावरचं खातं माझंच आहे.

मग दुसरं सांगितलं. नाच अलीकडं करा, पलीकडं करा, पुलावर नुसतं चाला. ढोल बंद. आणि पावलं एकदम टाकू नका. झोपाळ्यावरचं पोर बरोबर वेळेला पाय मारतं आणि झोका वर वर जातो, तसं होतं म्हटलं. बिरू (चुलतभाऊ, गजीत आबांच्या मागचा) म्हणाला, "मंग झुलू दे की वाईच. पाळना हाय म्हनायचं." सगळे हसले. आबा सोडून.

उठताना आबा थोरल्या आज्जांना म्हणाले, मला ऐकू येईल अशा बेतानं, "आमच्या लेकीला आमचं पाऊल जड झालंय."

रडू आलं ते पुलावर आल्यावर. आणि पुलावर थांबायचं नाही हा नियम माझाच. चालत चालत रडले.

१४ सप्टें., रवि

आईनं मध्यस्थी केली. म्हणाली, "म्हातारं रुसलंय पर यील. ढोलाबिगर देव नेतील, देवाबिगर ढोल न्हाई न्हेनार." आले. देवळामागच्या माळावर पहिली तालीम. पंचवीसेक गडी, सगळे गजीतले. काम एकच: ताल सोडून चालायचं.

जमेना.

पहिल्या खेपेला सरळ सरळ ठेक्यात. दुसऱ्या खेपेला 'ठेका सोडा' म्हटलं तर सगळ्यांनी मिळून एकदम सोडला, एकदम धरला. तिसऱ्या खेपेला म्हटलं, प्रत्येकानं मनात वेगवेगळं गाणं म्हणा. माळाच्या टोकाला पोचेपर्यंत सगळ्यांचं एकच गाणं. चौथ्या खेपेला निम्म्यांना डावा आधी, निम्म्यांना उजवा आधी टाकायला सांगितलं. त्याचा एवढा सुरेख नाच झाला की बघणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बिरू म्हणतो, "मने, ही नवी घाई झाली की गं." घाई म्हणजे यांच्यात नाचाचा प्रकार. मला मात्र नुसतीच घाई झालेली.

आबा शेवटाला एकटेच चालून बघत होते. दहा पावलं वाकडी टाकायचे आणि अकराव्याला बोटं मांडीवर ठेका धरायची. त्यांचा स्वतःवरच राग. मला हसू आलं, त्यांनी बघितलं, मी तोंड फिरवलं.

विनू रात्री जेवताना म्हणाला, "मला न्या पुलावर. वरातीत सुदा माझा पाय कदी तालात पडला न्हाई." हे मात्र खरं आहे.

२१ सप्टें., रवि

आजचा दिवस लिहून ठेवायलाच पाहिजे.

तिसरी तालीम. तेच रडगाणं. ऊन कडक, गडी वैतागलेले, साहेबांची मुदत संपत आलेली. पुन्हा सगळे एका ठेक्यात धप्प धप्प करत आले आणि माझं डोकं फिरलं. आईवर गेलेय मी, तोंडाला लगाम नाही. ओरडले, "आवं, जन्म मेंढरांमागं गेला तुमचा. मेंढरं जात्यात तशी जावा की."

शिव्या दिल्यासारखंच बोलले होते. पण आबांनी मान वर केली.

"मेंढरागत व्हय," म्हणाले. "मंग आदी का न्हाई सांगितलंस?"

आणि निघाले. काय सांगू. ते चालणं नव्हतं, कळपच निघाला. एक मध्येच थांबून काहीतरी हुंगतोय. दुसरा कारण नसताना चार पावलं पळतोय, मग उभा. तिसरा पाठीमागच्याची वाट बघतोय. बिरू सगळ्यांच्या अंगाला अंग घासत आडवा जातोय, म्हणे, "मी आमचा दांडगा मेंढा हाय." एकाचंही पाऊल दुसऱ्याशी जुळेना. प्रत्येकानं आपापलं ओळखीचं मेंढरू धरलं होतं.

आबा शेवटाला. दोन पावलं, थांबायचं, मान डावीकडं वळवून मागं बघायचं, मग सुस्कारा टाकून पुढं. मी बघितल्याबरोबर ओळखलं. चंदी. आमची म्हातारी मेंढी. मी शाळेतनं आले की बांधावर अशीच थांबून बघायची. वीसेक वर्षं झाली असतील तिला जाऊन, आणि आबांच्या खांद्यात ती जशीच्या तशी होती.

माझ्याजवळ आले. "वळखलीस?"

"चंदी."

हसले. पुरे अठरा दिवस माझ्याशी न बोललेला माणूस तोंड भरून हसला. मग म्हणाले, "चहा कर घरी. त्या दिशीचा ऱ्हायलाय."

२४ सप्टेंबर

साहेबांसमोर पुलावर तालीम. गाडी नसताना, थोडे थोडे सोडून. मी खाली टेकूला तळवा लावून. साध्या गर्दीची लोखंडात खुडबुड येते, तेवढीच आली. झोका नाही. मामांनी दुसऱ्या टेकूवरनं अंगठा दाखवला.

वर साहेब रेलिंगला टेकून बघत होते. बिरू त्यांच्या पोटाला डोकं घासून गेला. मला वाटलं, संपलं सगळं. वरनंच साहेब म्हणाले, "हा कोण होता?"

"मेंढा, साहेब."

"बरं."

मग खाली उतरून टेकूपाशी आले. "ढोल?"

"घोंगड्यात गुंडाळून. मुका."

"आणि हमी?"

"माझी."

"तुमचे वडीलच पुढं आहेत ना? बापाला थांबवता येईल तुम्हाला, वेळ आली तर?"

हो म्हटलं. म्हणायला एक क्षण लागला, तो साहेबांनी बघितला असावा. पूल उघडा राहिला.

२६ सप्टेंबर

नवा बोर्ड. मी लिहिलं, 'पुलावर मेंढरांसारखे चालावे.' साहेब हादरले. "प्रवाशांना मेंढरं म्हणता? तक्रार करतील लोक." शेवटी ठरलं: 'पुलावरून रमतगमत चालावे. थांबू नये.'

पेंटरला तीनदा बजावलं, एक अक्षर सुधारायचं नाही. त्यानं नाही सुधारलं. फक्त खाली कोपऱ्यात स्वतःच्या मनानं एक लहान मेंढी काढून दिलीय. बरी काढलीय. ठेवली.

भरतीच्या पोरांचे सुभेदार (रिटायर) बोर्ड वाचून म्हणाले, "फौजेत हेच शिकवतात ताई, पुलावर कदम तोडायचा. फकस्त मेंढी नव्हती."

२ ऑक्टो., दसरा

आबांना सोनं द्यायला गेले. पाया पडले. म्हणाले, "उद्या कुठं हुबी ऱ्हानार?"

"खाली. टेकूपाशी."

"बरोबर पुलाखाली?"

"व्हय."

ढोलाला घोंगडं गुंडाळत होते, ते सोडून पुन्हा घट्ट गुंडाळलं.

जेवण गेलं नाही. विनूनं हेल्मेट पुसून ठेवलंय. खाली झेंडूचं फूल लावलंय त्याला, खंडेनवमीचं राहिलेलं म्हणे.

३ ऑक्टो., शुक्र

हात अजून पिवळे आहेत, वही पिवळी होतेय, होऊ दे.

दुपारी पालखी आली. पायऱ्यांशी गजी झाली, पांढरे झगे, रुमाल, झांजा, नुसता धुरळा. मग आबांनी हात वर केला आणि सगळं थांबलं. ढोल घोंगड्यात गेला. प्लॅ. २ ची गाडी स्टेशन मास्तरांनी बाहेर थांबवून धरली होती. पुलाखालची जागा दोरी लावून मोकळी केली होती. दोरीच्या दोन्ही अंगाला प्रवासी, मोबाईल वर धरून.

मी टेकूला तळवा लावून उभी. मामा पलीकडच्या टेकूला. मागं बघितलं तर साहेब दोरीखालनं आत येतायत. म्हटलं, साहेब, बाहेर थांबा. म्हणाले, "तुम्ही इथं आणि मी तिकडं, बरं दिसते का?" आणि तिसऱ्या टेकूपाशी जाऊन उभे राहिले. हा माणूस मला आजपासून आवडतो.

वर कळप निघाला. खुडबुड, खुडबुड. फळ्यांच्या फटीतनं पाय दिसत होते, पालखीची सावली दिसत होती. छान चाललं होतं. मध्यावर आले आणि पलीकडच्या पायऱ्यांवर ढोल वाजला.

मायाक्काकडचे गडी. भाऊ आला म्हणून स्वागताला. दरवर्षी वाजवतात. अलीकडच्यांना मी तीन आठवडे शिकवलं आणि पलीकडच्यांना सांगायचंच राहिलं. कुणाचं चुकलं नाही, माझं चुकलं.

तळव्याला कळलं. खुडबुडीतनं हळूहळू एकच धप्प वर यायला लागला. धप्प. धप्प. वर कुणी नाचत नव्हतं, नुसतं चालत होते, पण कानात ढोल गेल्यावर त्यांच्या पायांना कोण थांबवणार. सगळ्यात पुढं आबा. टेकू हातात गुणगुणायला लागला.  हाका मारून उपयोग नव्हता, ढोलापुढं माझा आवाज काय जाणार, आणि 'आबा थांबा' म्हटलं तर सगळे मधोमध थांबले असते, ते त्याहून वाईट.

तोंडाशी हात धरले आणि पोटातनं ओरडले. ब्यँऽऽऽ.

इंजिनियर बाई, हेल्मेट घातलेली, भर प्लॅटफॉर्मवर. मेंढरांमागं वाढलेली पोर आहे, येतंय मला ते. पुन्हा केलं. ब्यँऽऽऽ.

वरनं आबांचा आवाज, कळप हाकतात तसा, हुर्रर्र, हुर्रर्र. आणि बिरूचं ब्यँ. आणि मग सगळे. पंचवीस गडी पुलावर ब्यँ ब्यँ करायला लागले. दोरीपलीकडनं एका बारक्या पोरीनं उत्तर दिलं, मग तिच्या आईनं, मग अख्ख्या प्लॅटफॉर्मनं. शिंदेमामांनी केलं. साहेबांनी केलं. नागपूरकडची मेंढरं जरा वेगळी ओरडतात. वर पत्र्यात कबुतरं उडाली. एवढ्या कालव्यात पलीकडचा ढोल बावचळून बंदच पडला.

तळव्याखाली परत खुडबुड. नुसती खुडबुड. पालखी उतरली.

मी तिथंच टेकूला मिठी मारून उभी होते, असं मामा सांगतात. मला आठवत नाही. हसत होते की रडत होते तेही सांगता येणार नाही.

जिना चढून उतरून पलीकडं गेले तेव्हा भेट झाली होती. ढोल घोंगड्यातनं निघाला आणि आबा असे वाजले, असे वाजले की मायाक्काच्या अंगणात कुणाचा पाय जमिनीवर ठरेना. विनूचाही. मला बघितल्यावर आबांनी ढोल बिरूच्या गळ्यात दिला, मूठभर भंडारा घेतला, माझ्या कपाळाला लावला, उरलेला हेल्मेटवर ओतला.

"तुझं ब्यँ चंदीचं हुतं," म्हणाले. एवढंच. 

४ ऑक्टोबर

सकाळी पहिलं काम, शिडी. तुळया आहेत तशा. टेकू आहेत तसे. सांध्यात ताजा भंडारा. मामा म्हणाले, पुसू का. नको म्हटलं. मग पाणी धरतो, गंज लागतो हे आठवलं आणि पुसायला लावला. माझंच खातं.

केळीवाला मला बघून ब्यँ म्हणाला. तिकीट खिडकीवरची बाईसुद्धा. व्हिडिओ सगळीकडं गेलाय. सासूबाईंचा शिरवळहून फोन, "मनीषा, तू हायस व्हय त्यात? आवाज वळखला मी."

९ ऑक्टोबर

नवं लचांड. देवळातली मंडळी साहेबांना भेटली. नव्या पुलावर नाचायला चालेल का, एवढंच विचारलं. साहेबांनी वर विचारलं. वरून उलट प्रश्न आला: नाच म्हणजे कसला, पाऊल किती जोरात, मिनिटाला किती, एका वेळी किती माणसं. माहिती मी काढून द्यायची.

आबांना विचारलं. म्हणाले, "आदी धिमा. मग चढता."

"मिनिटाला किती आबा? आकडा पायजे."

"देव आल्यावर कोन मोजतंय गं?"

हे वर कसं कळवायचं ते सुचत नाही. साहेब म्हणतात, घाई करू नका. म्हटलं, घायाच तर मोजायच्यात साहेब. त्यांना कळलं नाही. नव्या पुलाच्या पायऱ्यांचा पहिला टप्पा मात्र काल लागला.

१२ ऑक्टो., रवि

माहेरी जेवायला गेले होते. परतताना आबा सोडायला निघाले. पुलापर्यंत म्हणाले, मग पुलावर चढले. ऊन उतरलं होतं. खाली गाडी लागलेली, चहा, हमाल, नेहमीचा गोंधळ. वर आम्ही दोघंच.

मध्ये आल्यावर आबा रेलिंगवरनं हात फिरवत म्हणाले, "नवा झाला की ह्यो पाडनार व्हय?"

"पाडायचा म्हणत्यात. ठरलं न्हाई अजून."

"कोन ठरवनार?"

"वरचे. माझं मत बी विचारतील."

"मंग काय सांगशील?"

मला माहीत नाही. लोखंडाचं विचाराल तर पाडा म्हणेन. नुसतं लोखंडाचं नाही विचारलं तर काय म्हणेन ते सांगता येत नाही. तसंच सांगितलं त्यांना. त्यांनी मान हलवली आणि चालायला लागले.

चार पावलं गेल्यावर लक्षात आलं. आमची पावलं एकदम पडत होती. त्यांचा डावा, माझा डावा. ढोल नाही, झांज नाही.

"आबा, पाऊल मोडा. बोर्ड लावलाय."

"तू मोड," म्हणाले.

दोघांच्या वजनानं पुलाला काही होत नाही, हिशेब माझाच आहे. अलीकडच्या पायऱ्या येईपर्यंत कुणीच मोडलं नाही.